दाबाची गोळी आणि रक्तांतील स्नेह

गेल्या पौष महिन्यांत आमच्या घरीं जो प्रसंग घडला त्यामुळें या वेळीं आम्ही नेहमींचा विषय बाजूस ठेवून औषधांच्या डब्यांत हात घालीत आहों. आम्ही वैद्य नव्हों, डॉक्टर तर नव्होंच. मुलांस शब्दरूपें आणि समास शिकविण्यांत आमचा जन्म गेला. तथापि ज्या घरांत तीन पिढ्या एका चुलीवर जेवतात आणि त्यांपैकीं चौघे सकाळच्या चहाआधीं गोळ्या घेतात, त्या घरांतील कर्त्या माणसानें गोळ्यांचे गुणदोष आपणांस ठाऊक नाहींत असें म्हणून चालत नाहीं. आमच्या वाचकांच्या घरींहि चित्र फारसें निराळें नसावें. १९७४ सालीं आमच्या अंबाजोगाईस ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघालें. आमचे वडील या गांवाला शेवटपर्यंत मोमिनाबादच म्हणत. त्यांच्या काळीं 'दाब' हा शब्द घरांत कधीं उच्चारला गेल्याचें आम्हांस आठवत नाहीं. आज तो मिठाइतका रोजचा झाला आहे.

प्रसंग असा. आमच्या थोरल्या वहिनी एकाहत्तर वर्षांच्या. मधुमेह जडून चौदा वर्षें झालीं, रक्तदाब त्याच्या मागोमाग आला. गेल्या भाद्रपदांत दाब आटोक्यांत येईना म्हणून त्यांची गोळी बदलण्यांत आली. ती कां बदलली, नव्या गोळींत काय आहे, पुढें कशावर नजर ठेवावयाची, हें कोणी सांगितलें नाहीं आणि आम्हीं विचारलें नाहीं. दोष दोहींकडे सारखा. दाब मात्र उतरला. येळवस होऊन चार दिवस झाल्यावर नेहमींप्रमाणें वहिनींचें रक्त तपासून घेतलें, तों ट्रायग्लिसराइड १६८ वरून २४१ वर गेलेलें, आणि ज्याला लोक चांगलें कोलेस्टेरॉल म्हणतात तें एच. डी. एल. ४१ वरून ३६ वर उतरलेलें. धाकट्या बंधूंचा मुलगा लातुरास नोकरीस असतो. तो सुटीनिमित्त घरीं आला होता. त्यानें मोबाईलवर शोध घेतला आणि रात्रीं पंगतींत सर्वांदेखत सांगितलें, "काका, मोठ्या काकूंची ही दाबाची गोळीच कोलेस्टेरॉल वाढवते."

मुलाचें म्हणणें खोटें नव्हतें. खरी अडचण तीच होती. वहिनींनीं तें वाढतां वाढतां ऐकलें, आणि दुसऱ्या दिवसापासून गोळी घेणें बंद केलें. कोणाशीं बोलल्या नाहींत. डब्यांतील गोळी रोज काढून देवघरांतील फडताळांत ठेवीत गेल्या, म्हणजे डबा पाहणारास गोळी घेतली असेंच वाटे. असे अठरा दिवस गेले. पौष वद्यांत एके पहाटे देवापुढें निरांजन लावतांना त्यांच्या उजव्या हातांतून काडेपेटी गळून पडली. सूनबाईंनीं हांक मारली तर उत्तर बोबडें आलें. रुग्णालयांत नेलें तेव्हां दाब १९६ वर १०८ होता. पाऊण तासांत हात हलूं लागला, वाणी पूर्ववत् झाली. मेंदूंतील रक्तवाहिनींत क्षणभर अडकलेली गुठळी आपोआप विरली असें निदान झालें. विरली नसती तर आज आम्ही हें लिहीत बसलों नसतों.

हें सर्व ओसरल्यावर वैद्यकशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक, ज्यांचा आमचा जुना स्नेह आहे, घरीं आले आणि ओसरीवर बसून दोन तास आमच्या प्रश्नांचीं उत्तरें देत राहिले. नंतर आम्हीं कांहीं वाचलें, कांहीं त्यांच्याकडून पुन्हां पडताळून घेतलें. तें सर्व आतां आमच्या भाषेंत मांडतों.

प्रथम आमच्याच मुलखांतली गोष्ट. रक्तदाबावर खात्रीनें लागू पडणारें औषध जगाला मिळवून देण्यांत आमच्या मुंबईचा वांटा मोठा आहे. सर्पगंधा ही वनस्पति आपल्या वैद्यांस शतकानुशतकें माहीत होती. उन्माद, निद्रानाश यांवर ती देत. दाबावरील तिचा गुण १९३१ सालीं गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं लिहून ठेवला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं आपल्या रोग्यांवरील अनुभव १९४९ सालीं विलायतेंतील हृदयरोगाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला, तेव्हां कोठें पाश्चात्त्यांचे डोळे उघडले. १९५२ सालीं स्वित्झर्लंडांतील रसायनशास्त्रज्ञांनीं तींतून रेसर्पीन वेगळें काढलें, आणि १९५७ सालीं डॉ. वकीलांस अमेरिकेचें लास्कर पारितोषिक मिळालें. रेसर्पीन आज मागें पडलें आहे, कारण त्यानें कित्येकांचें मन खिन्न होई. दाब उतरला आणि मन बसलें! औषध एका ठिकाणीं जें देतें तें दुसऱ्या ठिकाणीं थोडेंबहुत वसूल करतें, हा अनुभव दाबाच्या औषधांबाबत अगदीं आरंभापासूनचा आहे.

आतां रक्तांतील स्नेहाकडे वळूं. संस्कृतांत स्नेह म्हणजे तेलतूप आणि स्नेह म्हणजे प्रेमहि. दोन्ही अति झाले तर अपाय करतात असें आमचे गुरुजी विनोदानें म्हणत. रक्तांत हा स्नेह मोकळा वाहत नाहीं, प्रथिनांच्या पुड्यांत बांधून नेला जातो. एल. डी. एल. नांवाच्या पुड्या रोहिणींच्या भिंतींत कोलेस्टेरॉल नेऊन टाकतात, एच. डी. एल. नांवाच्या पुड्या तें उचलून यकृताकडे परत नेतात. आणि ट्रायग्लिसराइड ही खाण्यांतून व यकृतांतून येणारी साधी चरबी. मधुमेह्याच्या शरीरांत इन्शुलिनचा अंमल ढिला पडलेला असतो. त्यामुळें यकृत अधिक चरबी रक्तांत सोडतें आणि ती फोडण्याचें कामहि मंदावतें. म्हणून मधुमेह्याच्या कागदावर बहुधा ट्रायग्लिसराइड चढलेलें व एच. डी. एल. उतरलेलें दिसतें, एल. डी. एल. फारसें वाढलेलें नसलें तरी त्याच्या पुड्या लहान व दाट होतात आणि त्या अधिक उपद्रवी असतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या ज्या पाहणींत महाराष्ट्राचाहि समावेश होता, तिचे स्नेहविषयक निष्कर्ष २०१४ सालीं प्रसिद्ध झाले. तींत तपासलेल्यांपैकीं शेंकडा ७२ जणांचें एच. डी. एल. कमी आढळलें आणि शेंकडा २९ जणांचें ट्रायग्लिसराइड जास्त. म्हणजे वहिनींचा कागद हा घरोघरचाच कागद होता.

वहिनींना चरबीचा विकार असेल यावर घरांत कोणाचा विश्वास बसेना, कारण त्यांचें वजन एक्कावन किलो. सुश्रुतसंहितेंत प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन भेद सांगितले आहेत. पहिल्याचा रोगी कृश, दुसऱ्याचा स्थूल. आम्ही वहिनींना कोणत्या खणांत बसवावें याचा विचार करीत राहिलों. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं तिसरा खण दाखविला आहे: दिसण्यांत कृश, आंतून स्थूल. २००४ सालीं त्यांनीं व लंडनचे डॉ. यडकिन यांनीं आपलीं दोघांचीं छायाचित्रें 'लॅन्सेट' मध्यें शेजारीं शेजारीं छापलीं. उंची आणि वजन यांचें गुणोत्तर दोघांचें एकच, २२.३. परंतु यडकिन यांच्या शरीरांत चरबी शेंकडा ९.१ आणि याज्ञिकांच्या शरीरांत शेंकडा २१.२! पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकें विलायती बालकांहून वजनानें पुष्कळ कमी असूनहि त्यांच्या अंगावर चरबीचें प्रमाण मात्र टिकून असतें, हेंहि त्यांच्याच संशोधनानें दाखविलें. तेव्हां "ती तर काडीसारखी आहे, तिला कसलें कोलेस्टेरॉल" हें वाक्य आमच्या घरांत आतां कोणी बोलत नाहीं.

आतां गोळ्यांचा प्रश्न. वहिनींच्या नव्या गोळींत दोन औषधें एकत्र होतीं: ॲटेनोलॉल ५० मिलिग्रॅम आणि क्लोरथॅलिडोन १२.५ मिलिग्रॅम. योगायोग असा कीं स्नेहाच्या बाबतींत ज्यांच्याकडे बोट दाखविलें जातें ते दोन्ही वर्ग या एका गोळींत नांदत होते.

क्लोरथॅलिडोन हें मूत्रल औषध. हायड्रोक्लोरोथायाझाइड, इंडापामाइड हीं त्याचींच भावंडें. मूत्रपिंडांवाटे मीठ व पाणी अधिक बाहेर काढून तीं दाब उतरवितात. त्याबरोबर पोटॅशियमहि वाहून जातें. पोटॅशियम घटलें म्हणजे स्वादुपिंडांतून इन्शुलिन नीट सुटत नाहीं, साखर थोडी चढते. मोठ्या मात्रेंत हीं औषधें घेतल्यास कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड हींहि चढतात. मात्र पूर्वीं जी मात्रा ५० किंवा १०० मिलिग्रॅम दिली जाई ती आज १२.५ वर किंवा फार तर २५ वर आली आहे, आणि एवढ्याशा मात्रेंत स्नेहावरचा परिणाम अगदीं अल्प राहतो. इंडापामाइडचा तर जवळजवळ नाहींच.

ॲटेनोलॉल हें बीटा-ब्लॉकर वर्गांतलें. प्रोप्रॅनोलॉल, मेटोप्रोलॉल त्याच पंक्तींतलीं. हीं हृदयाची गति मंद करतात. रक्तांतील चरबी फोडणारें जें पाचक द्रव्य आहे त्याचें काम यांच्यामुळें कांहींसें सुस्तावतें. परिणामीं ट्रायग्लिसराइड वाढतें, एच. डी. एल. घटतें, एल. डी. एल. बहुधा होतें तेथेंच राहतें. वहिनींच्या कागदावर नेमकें हेंच दिसत होतें. याच वर्गांतील कार्व्हेडिलॉल व नेबिव्होलॉल हीं नवीं औषधें या दोषापासून बरीच मुक्त आहेत. मधुमेह व दाब दोन्ही असलेल्या रोग्यांवर कार्व्हेडिलॉल व मेटोप्रोलॉल यांची तुलना २००४ सालीं प्रसिद्ध झाली. तींत मेटोप्रोलॉलनें तीन महिन्यांच्या साखरेचा आंकडा थोडा चढविला, कार्व्हेडिलॉलनें चढविला नाहीं.

बीटा-ब्लॉकरचा आणखी एक स्वभाव उपासतापास करणाऱ्या घरांनीं लक्षांत ठेवावा. मधुमेह्याची साखर एकाएकीं खालीं गेली म्हणजे हात कांपतात, छाती धडधडते. ही शरीराची आरोळी असते. बीटा-ब्लॉकर ती आरोळी दाबून टाकतें. घाम मात्र सुटतो. एकादशीस साखरेची गोळी घेऊन दुपारपर्यंत कांहीं न खाणाऱ्या बायकांची संख्या आमच्या ओळखींत थोडी नाहीं. नंतर साबुदाण्याच्या खिचडीनें साखर दुसऱ्या टोकास जाते ती गोष्ट वेगळीच. वहिनींच्या कपाळावर कार्तिकी एकादशीस घाम आलेला आम्हीं पाहिला होता आणि त्याचा अर्थ उकाडा असा केला होता. कार्तिकांत उकाडा कसला? परंतु तेव्हां तें सुचलें नाहीं.

राहिलेल्या वर्गांविषयीं थोडक्यांत. कॅप्टोप्रिल, एनालाप्रिल, रामिप्रिल हीं एक फळी; ब्राझीलमधील एका विषारी सर्पाच्या गरळाच्या अभ्यासांतून या फळीचा उगम झाला. सर्पगंधेपासून सर्पविषापर्यंत दाबाच्या औषधांचा सर्पाशीं हा संबंध आम्हांस मोठा गमतीचा वाटला. लोसार्टन, टेल्मिसार्टन ही दुसरी फळी. दोन्ही फळ्या स्नेहास धक्का लावीत नाहींत आणि मधुमेह्याच्या मूत्रांतून प्रथिन जाऊं लागलें असल्यास मूत्रपिंडांचें रक्षण करतात. पहिल्या फळीनें कित्येकांस कोरडा खोकला लागतो. दोन्ही एकदम देत नाहींत, आणि गर्भवतीस तर यांतील एकहि चालत नाहीं. तरुण सुनांना दाबाचा विकार असेल तेथें ही गोष्ट डॉक्टरांपुढें आवर्जून काढावी. ॲम्लोडिपिन हें स्नेहाच्या बाबतींत तटस्थ. त्यानें घोट्यांस सूज येते, आणि ती सूज मूत्रपिंडाची समजून घरांत रडारड होते, हें आम्हीं शेजारीं पाहिलें आहे.

येथवर ऐकल्यावर आमचा पुतण्या विजयी मुद्रेनें म्हणाला, "म्हणजे मी म्हणत होतों तें बरोबरच ना?" तेव्हां प्राध्यापकमहाशयांनीं जें सांगितलें तें आमच्या मतें या सर्व विषयाचें मर्म आहे.

अमेरिकेंत व आसपासच्या देशांत एक अवाढव्य प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००२ सालीं बाहेर पडले. पंचावन्न वर्षांपुढील ३३,३५७ दाबाच्या रोग्यांस क्लोरथॅलिडोन, ॲम्लोडिपिन आणि लिसिनोप्रिल या तिहींपैकीं एक औषध देऊन जवळजवळ पांच वर्षें पाहण्यांत आलें. त्यांत मधुमेही तिसऱ्या हिश्शाहून अधिक होते. चार वर्षांनंतर क्लोरथॅलिडोन घेणाऱ्यांचें सरासरी कोलेस्टेरॉल १९७.२, ॲम्लोडिपिनवाल्यांचें १९५.६, लिसिनोप्रिलवाल्यांचें १९५.० निघालें. म्हणजे मूत्रल औषधानें स्नेह वाढवला खरा, पण दोन मिलिग्रॅमांनीं! नव्यानें मधुमेह जडलेलेहि त्या गटांत कांहींसे अधिक होते. तथापि हृदयविकाराचे झटके तिन्ही गटांत सारखेच आले. आणि हृदय थकून पाणी सांचण्याचा विकार क्लोरथॅलिडोनच्या गटांत ॲम्लोडिपिनच्या गटाहून कमी आढळला.

याच प्रयोगांत आरंभीं चौथें औषध होतें, डॉक्साझोसिन. त्याची कीर्ति अशी कीं तें दाबहि उतरवितें आणि कोलेस्टेरॉलहि सुधारतें. कागदावर पाहिलें तर मधुमेह्यासाठीं यापरतें उत्तम औषध नाहीं. परंतु २००० सालीं तो गट मध्येंच थांबवावा लागला, कारण त्या रोग्यांत हृदय थकण्याचें प्रमाण क्लोरथॅलिडोनच्या मानानें सुमारें दुप्पट झालें होतें. ज्यानें स्नेह सुधारला त्यानें हृदयास तारलें नाहीं, आणि ज्यानें स्नेह किंचित् बिघडविला त्यानें तारलें. पुतण्या गप्प झाला. आम्हीहि झालों. आयुष्यभर मुलांचे गुण मोजून त्यांची योग्यता ठरविणाऱ्या माणसास हें ऐकणें फारसें सुखाचें नव्हतें.

विलायतेंतील मधुमेह्यांवरचा दुसरा मोठा प्रयोग १९९८ सालीं प्रसिद्ध झाला. ११४८ मधुमेह्यांपैकीं कांहींचा दाब कसून आवरला, तो सरासरी १४४ वर ८२ पर्यंत आला; उरलेल्यांचा १५४ वर ८७ राहिला. फरक अवघा दहा अंशांचा. त्यानें अर्धांगवायूचे झटके शेंकडा ४४ नीं आणि मधुमेहामुळें होणारे मृत्यु शेंकडा ३२ नीं घटले. या प्रयोगांत कांहींना कॅप्टोप्रिल दिलें होतें, कांहींना वहिनींचेंच ॲटेनोलॉल. ॲटेनोलॉलवाल्यांचें वजन थोडें अधिक वाढलें, साखरेचीं औषधेंहि थोडीं वाढवावीं लागलीं. पण झटक्यांच्या आणि मृत्यूंच्या हिशेबांत दोन्ही औषधें बरोबरीचीं ठरलीं. फायदा दाब उतरण्यांत होता.

मग वहिनींची गोळी योग्य होती काय? प्राध्यापक म्हणाले, "चुकीची नव्हती, पण त्यांच्यासाठीं याहून बरी निवड होती." हृदयाचा झटका येऊन गेलेला असेल, छातींत कळ येत असेल किंवा नाडी फार धांवत असेल, तर बीटा-ब्लॉकर मधुमेह्यासहि द्यावें लागतें आणि तेथें ट्रायग्लिसराइड पाहत बसणें वेडेपणाचें. वहिनींना यांतलें कांहींच नव्हतें. गोळी बदलून घेणें हा त्यांचा हक्क होता. परंतु ती डॉक्टरांकडून, आणि हळूहळू. बीटा-ब्लॉकर एकाएकीं सोडल्यास आजवर दाबून ठेवलेलें हृदय उसळी घेतें. नाडी धांवते, दाब चढतो, कित्येकांस त्या आठवड्या दोन आठवड्यांतच झटका येतो. म्हणून त्याची मात्रा टप्प्याटप्प्यानें कमी करावयाची असते. ट्रायग्लिसराइडच्या ७३ अंशांच्या भीतीनें आमच्या घरानें दाबाचे साठ अंश पदरीं घेतले.

आणि ते ७३ अंश तरी सर्व गोळीचे होते काय? प्राध्यापकांनीं विचारलें, रक्त दिलें तेव्हां पोट रिकामें होतें ना? चौकशी करतां निघालें कीं वहिनींनीं सकाळीं चहा घेतला होता, दुधाचा आणि "थोड्याशाच" साखरेचा. त्याआधीं चार दिवस येळवसेचा सण: शेतांतली भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, वर तिळाची पोळी, आणि उरलेलें दोन दिवस घरीं. तीन महिन्यांच्या साखरेचा आंकडा ७.४ वरून ८.३ झालेला होता, त्याकडे कोणाचें लक्षच नव्हतें. साखर चढली म्हणजे ट्रायग्लिसराइड आपोआप चढतें. थायरॉइड ग्रंथि मंदावली तरी कोलेस्टेरॉल वाढतें. ती तपासणी तीन वर्षांत झालेली नव्हती. चार कारणें एका पंगतीस बसलीं होतीं आणि आम्हीं ओळखलें एकालाच, कारण तें मोबाईलवर सांपडलें.

एका गोष्टीचा उलगडा आम्हांस प्राध्यापकांच्या न विचारतां झाला. आमच्या थोरल्या बंधूंना, म्हणजे दादांना, दाब आहे पण मधुमेह नाहीं. त्यांची गोळी संपली कीं ते वहिनींची घेत, वहिनींची संपली कीं त्यांची, "दाबाचीच ना?" असा हिशेब. एकत्र कुटुंबांत पंचा, चष्मा आणि गोळी हीं सामायिक मालमत्ता होऊन बसतात. दादांना जी गोळी निर्धास्त चालते ती वहिनींच्या साखरेस व स्नेहास बाधूं शकते, हें आम्हांपैकीं एकाच्याहि मनांत आलें नव्हतें. आतां डबे निराळे आहेत, वर नांवें घातलीं आहेत.

कोलेस्टेरॉलचें औषध निराळें असतें व तें निराळें घ्यावें लागतें, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. दाबाच्या गोळीनें स्नेहाचें काम करावें ही अपेक्षाच चुकीची. स्टॅटिन वर्गांतील ॲटोर्व्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम मधुमेह्यांस देऊन केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००४ सालीं आले. त्यांतील २८३८ जणांस आधीं हृदयविकार नव्हता, कोलेस्टेरॉलहि फार चढलेलें नव्हतें. तरी औषध घेणाऱ्यांत हृदयाचे व मेंदूचे मोठे झटके शेंकडा ३७ नीं कमी झाले आणि प्रयोग ठरल्या मुदतीच्या दोन वर्षें आधींच आटोपता घेतला. स्टॅटिननेंहि साखर किंचित् चढते. वहिनींना तें दोन वर्षांपूर्वीं लिहून दिलें होतें. पाय दुखतात म्हणून त्यांनीं सोडलें, तेंहि कोणास न सांगतां.

घरीं आल्यावर आम्हीं वहिनींना थोडें रागावूनच विचारलें, सांगितलें कां नाहीं? त्या लसूण सोलीत होत्या. मान वर न करतां म्हणाल्या, "भाऊजी, त्या रात्रीं पंगतींत माझ्या गोळीविषयीं तुम्ही सगळे बोललांत. मला कोणी विचारलें का?" आम्हांजवळ उत्तर नव्हतें, अजून नाहीं.

सध्यां वहिनींना टेल्मिसार्टन व ॲम्लोडिपिन सुरू आहे, त्याशिवाय ॲटोर्व्हास्टॅटिन व रक्त पातळ ठेवणारी गोळी. नवी गोळी सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यांत पोटॅशियम व क्रिएटिनिन तपासून घेतलें. या वर्गांत पोटॅशियम उलट वाढण्याचें भय असतें, म्हणून हें करावें लागतें. लोणचें व पापड पानांत एकदांच, आणि तेंहि सर्वांच्या; एकट्या वहिनींचें पान अळणी वाढण्याची कल्पना सूनबाईंनींच हाणून पाडली. माणशीं दिवसाला पांच ग्रॅम मीठ पुरें असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या घरीं महिन्याला मिठाच्या किती पिशव्या येतात तें मोजलें आणि माणसांनीं भागलें, तेव्हां जो भागाकार आला तो येथें छापण्यासारखा नाहीं. चैत्रांत उपाशीपोटीं रक्त दिलें. ट्रायग्लिसराइड १७२, एच. डी. एल. ३९, तीन महिन्यांची साखर ७.५, दाब १३२ वर ७८. यांत गोळी बदलल्याचा वांटा किती, साखर उतरल्याचा किती आणि सकाळचा चहा न घेतल्याचा किती, हें प्राध्यापकांनींहि सांगण्याचें नाकारलें.

स्वयंपाकघरांत दिनदर्शिकेच्या खिळ्यास एक वही टांगली आहे. दाब घरच्या यंत्रावर आठवड्यांतून दोनदां मोजून त्या स्वतः आंकडा लिहितात. पांच मिनिटें स्वस्थ बसून, पाठ टेकून, हात छातीच्या पातळीस ठेवून. कांहीं नवें वाटलें, घोटा सुजला, चक्कर आली, पाय दुखले, तर तें त्याच पानावर. गेल्या बुधवारीं त्यांनीं लिहिलें आहे: "पाय दुखतात. गोळी सोडलेली नाहीं. डॉक्टरांना विचारावें." सोमवारीं सूनबाई त्यांना घेऊन जाणार आहेत, वही बरोबर नेऊन.